विश्लेषण : डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच बाळ का येत नाही?

गर्भवतीच्या फाइलवर ‘ईडीडी’ असे लिहून पुढे एक तारीख टाकलेली असते. माहेरी कधी जायचे, रजा कधीपासून घ्यायची, सासूबाईंचे तिकीट कधीचे काढायचे, हे सगळे मग त्या तारखेभोवती ठरते. प्रत्यक्षात नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच असतात.

तारीख काढतात कशी?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे साधारण २८० दिवस. (आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ यापासून फार दूर नाही.) १९व्या शतकातील जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. पाळीचे चक्र २८ दिवसांचे आणि बीज १४व्या दिवशी बाहेर पडते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्या स्त्रीचे चक्र ३५ दिवसांचे, तिची गर्भधारणा साधारण आठवडाभर उशिरा होते. मग कागदावरची तारीखही तेवढीच अलीकडची येते. पीसीओडीमुळे पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असताना पाळी सुरू होण्याआधीच दिवस गेले असतील किंवा तारीखच आठवत नसेल, तर हिशेबाला आधारच उरत नाही.

बीज कधी बाहेर पडले हे माहीत असले तरी?

तरीही नेमका दिवस सांगता येत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ गर्भारपणांत लघवीतील हार्मोन तपासून बीज बाहेर पडल्याचा दिवस निश्चित केला होता. तिथून प्रसूतीपर्यंतचा सर्वसाधारण काळ २६८ दिवस निघाला. पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वगळूनही सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या काळात ३७ दिवसांचे अंतर होते.

सोनोग्राफीत तारीख बदलते, कोणती धरायची?

पहिल्या तीन महिन्यांतली. त्या काळात सगळे गर्भ जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच ते सात दिवस इकडेतिकडे होते. शेवटच्या तिमाहीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते, कारण कुणाचे बाळ अंगाने मोठे, कुणाचे लहान. आठव्या महिन्यात बाळ लहान दिसले म्हणून तारीख पुढे ढकलणे धोक्याचे असते. वाढ खुंटलेले बाळ त्यात ‘कमी दिवसांचे’ ठरून जाते.

आपल्याकडे अनेक जणींची पहिली सोनोग्राफीच उशिरा होते. शिवाय वापरातली सूत्रे पाश्चात्त्य बाळांच्या मापांवर बेतलेली. त्यावर आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थांनी गुरुग्रामच्या जिल्हा रुग्णालयातील गर्भवतींच्या माहितीवरून ‘गर्भिणी-जीए२’ हे भारतीय सूत्र तयार केले. २०२४ मध्ये ते जाहीर करताना चूक जवळपास तिपटीने कमी होत असल्याचे सांगण्यात आले.

चुकीच्या तारखेने बिघडते काय?

मेळघाट, गडचिरोलीत पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता बंद होतो. तिथे बाईला आधीच आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त कधी न्यायचे, हे याच तारखेवर ठरते. शहरात प्रश्न वेगळा. मुहूर्त पाहून ३७व्या-३८व्या आठवड्यात सिझेरियन ठरवले आणि तारीखच आठवडाभर चुकलेली असली, तर बाळाला श्वास घ्यायला त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावे लागू शकते. म्हणून वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवड्यांआधी सिझेरियन करू नये, असे सांगितले जाते.

नोकरदार स्त्रीला कायद्याने २६ आठवडे रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात.

तारीख उलटली तर?

३७ ते ४२ आठवडे ही प्रसूतीची नेहमीची मुदत. ४१ आठवड्यांनंतर डॉक्टर बाळाचे ठोके आणि गर्भजल वरचेवर तपासतात, बहुधा कळा आणण्याचा सल्लाही देतात. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर तारखेला कितीही दिवस बाकी असोत, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.