आवाज बाईचा, नाव पोराचे

शाळेतून आलेले पोर दप्तर एका कोपऱ्यात टाकते आणि टीव्हीपुढे, नाहीतर आईच्या मोबाईलपुढे बसते. पडद्यावर निन्जाच्या वेशातला एक जपानी पोरगा भिंती चढतो, झाडावरून उडी घेतो आणि चक्क हिंदीत बोलतो. त्याचे नाव निन्जा हत्तोरी, हे भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत कोणतेही पोर सांगेल. पण तो आवाज कोणाचा, असे विचारले तर पोरही गप्प आणि मायही गप्प.

तो आवाज एका मराठी बाईचा आहे. मेघना एरंडे त्यांचे नाव. हिंदीतला नॉडी, म्हणजे डोक्यावरच्या टोपीला घुंगरू असलेला तो लाकडी बाहुला, तोही त्यांच्याच आवाजात बोलला. एक पोरगा शहाणा, संकटात न डगमगणारा. दुसरा भाबडा, साध्या गोष्टीला घाबरणारा. दोघे एकाच गळ्यातून निघाले आणि ऐकणाऱ्याला शंकाही आली नाही. मेघनाताईंनी मराठी मालिकांतही काम केले, पण तिथे चेहरा दिसतो. डबिंगमध्ये काम जितके चांगले, तितकी करणारी बाई पडद्याआड जाते.

पोराचा आवाज काढायला बाईच का? आपल्या झाडीपट्टीत दंडारीत गडीमाणूस लुगडे नेसून बाई व्हायचा, त्याच्या उलटा हा प्रकार. कारण साधे आहे. खऱ्या पोराचा आवाज बारा-चौदाव्या वर्षी फुटतो, आणि मालिका तर वर्षानुवर्षे चालते. बाईचा आवाज मात्र टिकतो. जपानमध्येही हत्तोरीला आवाज दिला तो जुन्को होरी या बाईंनी. डोरेमॉनला नोबुयो ओयामा यांनी 1979 पासून 2005 पर्यंत बोलते ठेवले. हिंदीत डोरेमॉन आणि आपला छोटा भीम हे दोघेही सोनल कौशल यांच्या आवाजात बोलले. गोकू नावाच्या पोराचे उदाहरण तर नवलाचे आहे. जपानीत 1986 पासून मासाको नोझावा त्याचा आवाज झाल्या. त्यांचा जन्म 1936 चा. तिकडे मेक्सिकोत लाउरा तोरेस यांनी लहानग्या गोकूला स्पॅनिश बोलायला लावले, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या कितीतरी देशांतली पोरे तोच आवाज ऐकत मोठी झाली. पोरगा एकच, पण जपानीत त्याच्या मागे एक बाई आणि स्पॅनिशमध्ये दुसरी.

हे काम बसल्या जागी बडबडण्याचे आहे, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. बंद खोली, पंखासुद्धा बंद, कारण त्याचा आवाज माईकमध्ये जातो. कानावर हेडफोन, समोर पडदा, हातात संवादाचा कागद. मूळ जपानी किंवा इंग्रजी वाक्य एकदा ऐकायचे आणि पडद्यावरचे तोंड उघडले की आपले सुरू, मिटले की आपले बंद. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. पडद्यावर ओठ मिटलेले दिसले आणि आपण तिथे 'आ' काढला, तर लहान पोरालाही खटकते. म्हणून लिहिणारा शब्द बदलतो, बोलणारी श्वास बदलते. आपल्या भाषेप्रमाणे जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तेवढी सोय. पण हत्तोरी जपानीत जुन्या काळच्या अदबीने बोलतो, वाक्याच्या शेवटी 'गोझारू' लावतो. त्याला हिंदीत जोड शब्द कुठून आणणार? ती अदब मग शब्दांऐवजी आवाजातूनच आणावी लागते.

यात संवादापेक्षा अवघड असतात ते बिनशब्दांचे आवाज: पडणे, धापा टाकणे, हुंदका, तोंडात घास असताना बोलणे. बहुतेक वेळा दुसरा नटही समोर नसतो. प्रत्येकजण आपापल्या वेळेला येऊन एकट्याने बोलून जातो, आणि जोडणी मागाहून होते. भांडणाचा प्रसंग असला तरी भिंतीशी भांडायचे. जागेवरून पाय हलवता येत नाही, आणि पोरगा मात्र डोंगरावरून धावत आला आहे असे वाटले पाहिजे!

आता नावाचे बघू. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचे, ते आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना आठवत असेल. ते जंगल शिवनीचे आणि किपलिंगच्या पुस्तकातली नदी म्हणजे आपली वैनगंगा, हे तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक होते. असो. त्यातल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते, कारण नानांचा चेहरा आधीच माहीत होता. आकाशवाणीची निवेदिकाही आपले नाव सांगते. जिच्याकडे फक्त आवाज आहे आणि तोही दुसऱ्याच्या तोंडी घातलेला, तिचे नाव कोण सांगणार? शेवटी पाट्या धावतात तेव्हा मूळ देशातल्या लोकांची नावे येतात. हिंदीत बोलणाऱ्यांची कधी येतात, पुष्कळदा येतच नाहीत, आणि आली तरी तोवर वाहिनीने पुढची जाहिरात लावलेली असते.

बिडी वळणाऱ्या आपल्या बहिणींना हे वेगळे समजावून सांगायला नको. पान भिजवा, कापा, तंबाखू भरा, धागा बांधा; मजुरी हजारावर. कट्ट्यावरच्या कागदावर छाप मात्र मालकाची. डबिंगचे पैसे बिडीच्या मजुरीपेक्षा चांगले आहेत, हे कबूल. पण हिशेबाची रीत बरीचशी तीच: काम झाले, पैसे मिळाले, संबंध संपला. तो भाग पुढे शंभर वेळा दाखवला तरी बोलणाऱ्या बाईच्या घरी त्यातले सहसा काही येत नाही.

आपल्या मुलींना हे क्षेत्र जमेल का? जिभेमुळे अडणार नाही, असे मला वाटते. झाडी भागात 'पाणी'चे 'पानी' होते, आणि त्यावरून पुण्या-मुंबईत हसणारे भेटतात. पण हिंदीत तर 'पानी'च म्हणतात! बालाघाटच्या शेजारामुळे तुमसरकडच्या पोरींच्या कानावर हिंदी लहानपणापासून पडते. बाकीचे सरावाने येते. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, एकच वाक्य आजीसारखे, पोरासारखे, रागावलेल्या मास्तरसारखे म्हणून मोबाईलवर ऐकावे. नाटकात काम केले असेल तर उत्तम. खऱ्र्याचे नाव काढू नये, गळा जातो. अडचण आहे ती जिभेपलीकडची: हे काम मुख्यतः मुंबईत चालते, आणि तिथे खोलीभाडे भरून कामाची वाट पाहणे कष्टकऱ्याच्या लेकीला सोपे नाही. कोणी 'आवाजाची चाचणी' म्हणून आधी पैसे मागितले तर देऊ नयेत. ज्याला आवाज हवा आहे, त्याने पैसे द्यायचे असतात.

आणि आता एक नवीच गोष्ट आली आहे. थोडा आवाज रेकॉर्ड करून घेतला की यंत्र त्याच आवाजात हवे ते बोलून दाखवते. 2025 च्या जुलैत मेक्सिको शहरात डबिंगचे कलावंत यासाठीच रस्त्यावर उतरले. त्यांच्यातल्या एका मरण पावलेल्या नटाचा आवाज यंत्राने उठवून सरकारी निवडणूक संस्थेच्या चित्रफितीत वापरला गेला होता. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि 2025 मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास मनाई केली. पण ही नावे मोठी, आणि त्यांचे आवाज सगळ्यांच्या ओळखीचे. हत्तोरीच्या आवाजाची नक्कल झाली तर लोक काय म्हणतील? हत्तोरी बोलतो आहे, एवढेच! ज्या बाईचे नाव कोणाला माहीत नव्हते, तिचे काय हिरावले गेले हे सांगायचे तरी कसे? म्हणून या धंद्यातले जाणते लोक नव्यांना सांगतात की करारात आवाज कुठे, किती दिवस आणि कशासाठी वापरणार हे लिहून घ्या, आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार असतील तर त्याचे वेगळे पैसे मागा, नाहीतर ती ओळ खोडा.