सील नवं, गळती जुनीच

नाशिकच्या एका वाचकाच्या पेट्रोल गाडीचं क्रँकचं मागचं सील गेल्या पावसाळ्यात बदललं होतं. या आठवड्यात त्यांचा फोन आला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पुन्हा ऑइल टपकतंय आणि गॅरेजवाले आता म्हणतात की क्रँकच झिजलाय, इंजिन खोलावं लागेल. मी विचारलं, पीसीव्ही व्हॉल्व्ह कोणी काढून पाहिला का? कोणीच पाहिला नव्हता. संध्याकाळी त्यांनी तो स्वतः काढून हलवला. आतला दट्ट्या खडखड वाजायला हवा; तो काळ्या मळीत रुतून बसला होता. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीवर मी आधी लिहिलेल्या लेखानंतर ‘एवढ्याशा नळीचं किती कौतुक’ असं ज्यांनी कळवलं, त्यांच्यासाठी मी पुन्हा त्याच नळीपाशी येतोय.

पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. इंजिन नवं असलं तरी. त्याला बाहेर काढायची वाट म्हणजे ब्रीदरची नळी आणि तिच्यावरचा हा पीसीव्ही व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टी तुंबली की वाफ झाकणाच्या रिंगमधून फुसफुसते, तसंच इथे घडतं. अशा वेळी नुसती रिंग बदलून स्वयंपाक होत नाही.

हे नीट समजायचं तर जुनी अ‍ॅम्बॅसडर आठवा. उत्तरपाड्याच्या त्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर उलट्या दिशेचे आटे कापलेले होते. शाफ्ट फिरला की ते आटे बाहेर निघालेलं ऑइल परत आत ढकलायचे. गाडी उभी राहिली की आटेही थांबायचे आणि खाली चार थेंब पडायचे. टॅक्सीवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. थेंबांची धार झाली की मात्र मुरलेला मिस्त्री आधी ब्रीदरची नळी साफ करायचा. तिथे बदलायला सीलच नसल्यामुळे त्याला कारणच शोधावं लागायचं.

आजच्या सीलमध्ये रबराचा पातळ ओठ असतो आणि त्याच्या पाठीवर स्प्रिंगचं कडं. लोकांना वाटतं, हा ओठ ऑइलला बांध घालतो. पण तोही आट्यांचंच काम करतो. ओठाचा ऑइलकडचा उतार उभा आणि हवेकडचा पसरट असतो. त्यामुळे शाफ्ट फिरताना ओठाखालचा काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा थर सतत आत खेचला जातो. काही सीलांच्या बाहेरच्या अंगाला तिरप्या रेघाही असतात, म्हणजे आटेच. स्प्रिंगमुळे गाडी उभी असतानाही ओठ मिटलेला राहतो, एवढीच रबराने घातलेली भर. आतून दाब वाढला की आटे हरतात, तसाच हा ओठही हरतो. रचनेत फारसं अंतर नाही, आपल्या वागण्यात मात्र पडलंय. आता सुटं मिळणारं सील आहे, म्हणून पहिला हात सीललाच जातो. सील काही शे रुपयांचं असतं, पण मागच्या सीलपर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील एवढं सगळं उतरवावं लागतं.

त्यातही गळती सीलचीच आहे, हे कोणी सिद्ध केलेलं नसतं. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं किंवा ऑइल प्रेशर स्विच पाझरू लागला, तरी थेंब त्याच सांध्यातून पडतो. म्हणून इंजिन धुऊन कोरडं करा, थोडं चालवा आणि वरून खाली पाहत या. सगळ्यात उंचावरची ओल हाच उगम. तरीही शंका असेल तर ऑइलमध्ये रंगद्रव्य घालून यूव्ही टॉर्चने पाहता येतं. थेंब बोटावर घेऊन वासही घ्या, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. तो आला तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा असू शकतो. आणि सर्व्हिसिंगनंतर इंजिनावर मारतात तो चकाकीचा स्प्रे बंद करा, हे मी पुन्हा लिहितोय. तो ओलीच्या खुणा झाकतो. माझं तर मत आहे की निम्म्या चुकीच्या निदानांमागे तोच आहे.

सील खरोखर गेलं असेल, तर काम हळुवार हाताने व्हायला हवं. जुनं सील उचकटताना स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर उमटला, की नवंही गळणारच. शाफ्टवर नख फिरवून पाहावं. चर लागला तर पातळ स्लीव्ह चढवावी किंवा जागा असेल तर सील किंचित मागेपुढे बसवावं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो. साध्या रबराच्या ओठाला ऑइलचं बोट लावतात. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील मात्र कोरडंच, सोबतच्या प्लास्टिकच्या गाइडवरून सरकवायचं आणि कंपनी सांगेल तितके तास इंजिन सुरू करायचं नाही. त्याआधीच इंजिन सुरू केल्याची घाई कामाच्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. क्रँकचं पुढचं सील सोपं, पण तिथल्या टायमिंग बेल्टला ऑइल लागलं असेल तर बेल्टही बदलायलाच हवा.

नाशिकच्या त्या वाचकांनी नवा व्हॉल्व्ह बसवलाय. आयडलला ऑइल फिलरच्या तोंडावर ठेवलेला प्लास्टिकचा कागद आता आत ओढला जातो, आधी तो उडत होता. म्हणजे रिंगा बऱ्या आहेत. इंजिन खोलू नका, असं मी त्यांना ठामपणे सांगितलंय. सीलचा ओठ दाबाने कायमचा वाकला असेल तर गिअरबॉक्स पुन्हा उतरेल. पण आधी हजारभर किलोमीटर डिपस्टिकवर लक्ष ठेवायचं. ऑइल लागून क्लच घसरायला लागला, तर तेवढंही थांबायचं नाही.

— चक्रधर