भूत फडात की दवाखान्यात?

भुताचा चित्रपट म्हटला की पुरोगामी कार्यकर्ता नाक मुरडतो. विशाल फुरिया यांचा पहिलाच, तुटपुंज्या भांडवलावर काढलेला ‘लपाछपी’ (२०१७) मात्र त्याने अवश्य पाहावा. उसाच्या फडातील त्या घरात दडलेले भय मुलगी नकोशी मानणाऱ्या समाजानेच पोसलेले आहे.

तथापि एक मर्यादा नोंदवलीच पाहिजे. पापाचा भार येथे मुख्यतः एका खेडवळ वृद्धेवर येतो; वास्तवात तेच पाप शहरांतील सुसज्ज दवाखान्यांतही घडले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४च भरल्या.

कार्यकर्त्यांनी हा चित्रपट गावोगावी दाखवावा, आणि दिवे लागताच तालुक्यातील सोनोग्राफी केंद्रांचा विषय काढावा.