सभेला मैदान, बालरंगभूमीला कुलूप

भोपाळ रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस अशोका गार्डन नावाची दाट लोकवस्ती आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि देशभरातील शाळांबरोबर तेथील शाळांनाही कुलपे लागली. मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते २० सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे तब्बल दीड वर्षाने. या काळात शाळेच्या संगीत नाटकाचा विचार कोणाच्या मनाला शिवलाही नाही. "मुलांचे जीव महत्त्वाचे की नाटक?" एवढे विचारले की वाद मिटला, असे अधिकाऱ्यांनी मानले आणि पालकांनी मान डोलावली. आमच्या मते हा प्रश्नच मुळात खोटा आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडण्याची आमची इच्छा नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ जण. त्यांपैकी ५३ जणांना साथीची बाधा झाली वा झाल्याचे मानले गेले आणि दोघे दगावले. तेव्हा गाण्याने रोग पसरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यातून भोपाळचे दुःख निराळेच. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने या शहरातील असंख्य लोकांची फुप्फुसे कायमची निकामी केली. २०२० च्या एप्रिलमध्ये भोपाळात कोरोनाने दगावलेल्या पहिल्या रुग्णांत बहुतेक वायुपीडितच होते, असे त्यांच्या संघटनांनी निदर्शनास आणले. नातवाने नाटकाच्या तालमीतून घरी आणलेला रोग अशा आजोबांना काय करील, हे सांगावयास नको.

परंतु या पुराव्यावरून सिद्ध काय होते? बंद दालन, लांबलेली तालीम आणि त्यात एक आजारी माणूस, हे तिन्ही एकत्र आले की अनर्थ होतो, इतकेच. मोकळ्या पटांगणात, अंतर राखून, दहा-बारा मुलांनी अर्ध्या तासाचा प्रवेश करावा, याविरुद्ध तो पुरावा नव्हे. धोका शून्य होत नाही हे खरे. पण धोका शून्य असावा अशी अट आपण दुसऱ्या कोणत्या व्यवहाराला घातली?

आता कायद्याकडे पाहू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशांत सामाजिक, राजकीय, क्रीडाविषयक, मनोरंजनपर, शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक असे सर्व मेळावे एकाच ओळीत बसविले होते. १५ ऑक्टोबर २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेर या सर्वांना वाट मोकळी करण्यात आली : बंद सभागृहात निम्मी आसने, फार तर २०० माणसे, आणि उघड्यावर मैदानाच्या आकाराप्रमाणे. राज्यांना निर्बंध घालण्याची मुभा होती, हे खरे. पण मैदान मुळात निषिद्ध नव्हते. त्या मैदानाचा लाभ कोणी घेतला? राज्यात ३ नोव्हेंबरला २८ जागांची पोटनिवडणूक होती. राजकीय सभांना तर १५ तारखेचीही वाट पाहावी लागली नाही. ८ ऑक्टोबरलाच सवलत मिळाली. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने २० ऑक्टोबरला अशा सभांवर कडक अटी घातल्या. २६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. पुढाऱ्याच्या कंठातून निघणारा श्वास निर्जंतुक आणि दहा वर्षांच्या मुलीच्या कंठातला तेवढा विषारी, असे कोणते वैद्यकशास्त्र सांगते?

कोणी म्हणेल, निवडणूक टळत नाही, नाटक पुढल्या वर्षी होईल. येथेच मोठी गफलत आहे. मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. जे पद त्याने त्या वर्षी म्हणावयाचे, ते पुढे त्याच्या गळ्यातून तसे निघत नाही. ज्या १९१८ साली इन्फ्लुएन्झाने देशात हाहाकार माजविला, त्याच साली मंगेशीच्या दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. दीनानाथांनी तेव्हा विशीही गाठली नव्हती! गळ्याची विद्या गुरूसमोर बसून त्या त्या वयातच घ्यावी लागते. दूरध्वनीच्या पडद्यावर तर दोघांचे स्वरही एका क्षणी पोहोचत नाहीत, मग समूहगान कसले होणार?

उलट बाजूच्या उत्साही मंडळींनाही एक शब्द. कन्या वारली त्याच दिवशी, १२ मार्च १९११ रोजी, बालगंधर्वांनी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग केला, हे उदाहरण ते देतील. त्या धैर्याला आमचा नमस्कार. परंतु बालगंधर्वांनी पणाला लावले ते स्वतःचे दुःख, शेजाऱ्याचे फुप्फुस नव्हे.

मार्ग आपल्या परंपरेतच आहे. दशावतारी मंडळी गावोगावच्या देवळांपुढे जाऊन खेळ करतात. प्रेक्षकाने नाट्यगृह शोधावे असा त्यांचा आग्रह नसतो. साथीच्या दिवसांत शाळेनेही तेच करावे. अशोका गार्डनातील वायुपीडित आजोबांना सभागृहात बोलावू नये. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात प्रवेश करावा.

पुढची साथ येणार, याविषयी वैद्यकांत दुमत नाही. म्हणून आमच्या मागण्या आजच नोंदवितो. शाळेतील संगीत आणि नाट्य यांची गणना मनोरंजनात न करता शिक्षणात व्हावी. बंदीच्या प्रत्येक आदेशात कारण आणि मुदत लिहिलेली असावी. जमावबंदीचा हुकूम सकारण व प्रमाणबद्ध असलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलेच आहे. तिसरी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. देवस्थानांच्या समित्यांनी असा ठराव करावा की, साथीच्या काळात देवळाचे मोकळे प्रांगण शेजारच्या शाळेला तालमीसाठी विनाशुल्क मिळेल. सरकारचे परिपत्रक येईल तेव्हा येवो; या ठरावाला कोणाची परवानगी लागत नाही.