तहानलेले नायलॉन



गेल्या उन्हाळ्यात धार येथील एका परिचित कुटुंबात जाण्याचा योग आला. घरधनी पीथमपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतात. उंबरठ्यावरच बापलेकांचा वाद कानी पडला. मुलाची रिमोटवर चालणारी मोटार पायरीला धडकली होती आणि पुढच्या चाकास धरणारा दांडा मोडला होता, तोही तिसऱ्यांदा! "धसमुसळ्या हातांना खेळणी कशाला? टाक ती उकिरड्यावर," असे वडील म्हणत होते. मुलगा मान खाली घालून पुटपुटला, "फादर, मी जपूनच चालवतो."

दोष हाताचा की वस्तूचा, हे पाहिल्यावाचून निवाडा करणे बरे नव्हे. मी तो तुकडा उलटून पाहिला. मागे 'पीए' ही अक्षरे कोरलेली होती. पीए म्हणजे पॉलिअमाइड, अर्थात नायलॉन. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी ते प्रथम सिद्ध केले.

हा पदार्थ मोठा तहानलेला असतो. साच्यातून निघताना तो अगदी कोरडा व म्हणून ठिसूळ असतो. त्याच्या लांबच लांब रेणुसाखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. पाण्याचे कण मध्ये शिरले की ती पकड सैलावते. मग घाव बसला असता भाग तडकत नाही, लवतो. आपला बुरूड बांबूच्या कामट्या भिजवून मगच वाकवतो, त्यातलाच हा प्रकार. मध्यम दमट हवेत नायलॉन सावकाश आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी शोषते. परंतु माळव्याच्या वैशाखातील कोरड्या हवेत त्याला ते कोठून मिळावे?

यावर उपाय सोपा आहे. नवा दांडा बसवण्यापूर्वी स्क्रू, बेअरिंग इत्यादी धातूचे भाग काढावेत आणि तो मंद उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवून त्याच पाण्यात निवू द्यावा. जाड भागास अधिक वेळ लागतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. पाणी मुरले की नाही, हे तराजू सांगतो. चाळीस ग्रॅमचे भाग पुसून तोलल्यावर एक ग्रॅमने वाढले, तर अडीच टक्के साधले. हे काम वडीलधाऱ्यांनी करावे, आणि स्वयंपाकाचे पातेले वापरू नये.

मात्र सर्वच प्लॅस्टिकला हा उपचार चालत नाही. गाडीचे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे कवच उकळू नये, पेट्रोल वा थिनरने पुसूही नये. त्याला तडे जातात. एबीएस उकळत्या पाण्याच्या उष्णतेने मऊ पडून वाकडे होते. बॅटरी व विजेचे भाग पाण्यापासून दूरच असावेत. शिवाय पाणी प्यालेले नायलॉन किंचित फुगते आणि त्याचा ताठपणा कमी होतो; लवचीकपणाची ती किंमत आहे.

आणखी एक चूक मला आढळली, ती मुलाची खरीच होती. त्याने स्क्रू फार आवळला होता. चीर भोकापासूनच सुरू झाली होती. स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो 'टक्' करून बसला की मगच सुलटा फिरवावा, आणि भाग टेकताच थांबावे.

वडील सारे ऐकत होते. मोटारीच्या रेडिएटरच्या टाक्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्याच असतात, हे त्यांनीच मुलाला सांगितले. पीथमपूरजवळच नॅट्रॅक्स ही वाहनचाचणी संस्था आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या वेगपथाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. चाचणीत भाग मोडला तर चालकाला बोल लावून भागत नाही. भाग का मोडला, हे शोधावे लागते. मी एवढेच म्हटले, "मग घरातही तीच रीत असू द्या."

त्या संध्याकाळी बापलेक एकाच शेगडीपाशी बसले होते. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा एक भोक थोडे आवळून बसत असल्याची तक्रार होती. दांडा मात्र त्याच पायरीचे धक्के सोसून शाबूत होता. आता स्क्रू मुलगा बसवतो आणि वडील शेजारी बसून पाहतात.