हाताची लाज शिकविणारी शाळा

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक झाले ते एका वादामुळे. २०१७ साली ९१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे स्थळ म्हणून या गावाचे नाव जाहीर झाले, आक्षेप घेतले गेले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये संमेलन बडोद्याला भरले. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा आमचा आजचा विषय नाही. आम्हांस खटकले ते निराळेच. इतके लिहिले-बोलले गेले; परंतु या गावात मुले काय शिकतात आणि शिकून पुढे काय करतात, हा प्रश्न कुणी साहित्यिकाने विचारल्याचे आमच्या तरी वाचनात आले नाही. तो आम्ही येथे विचारीत आहोत. कारण तो एका गावाचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

शुकदास महाराजांनी साठच्या दशकात येथे विवेकानंदांच्या नावाने आश्रम उभारला. २०१७ मध्ये ते निवर्तले. आश्रमाने उभे केलेले शिक्षणाचे काम मागे राहिले. त्यात शाळा आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेले कृषी महाविद्यालयही आहे. कोणत्या मुलखात आहे हे महाविद्यालय? सोयाबीन, कापूस आणि तूर या पिकांच्या, बहुतांशी पावसावर विसंबलेल्या मुलखात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यातील एका खेड्यात शेतीचे उच्च शिक्षण मिळते, ही गोष्ट संमेलनाच्या मांडवाहून लहान आहे काय?

कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याला काही महिने गावात शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे त्याचे नाव. गावोगाव या मुलामुलींना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. मातीचा नमुना कसा घ्यावा, बोर्डो मिश्रण कसे करावे, बीजप्रक्रिया कशी करावी हे ती शेतकऱ्यांना करून दाखवितात. त्यांतील एकच प्रयोग वाचकांपुढे ठेवतो. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून निवड न करता शंभर दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि त्यावर पाणी शिंपडीत राहावे. आठवडाभरात कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे पुरे. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे. साठच्याही खाली गेले, तर ते बियाणे पेरू नये.

खर्च काहीच नाही. लागणारे गणित शेकडेवारीचे. ते प्रत्येक मूल प्राथमिक शाळेतच शिकते. परंतु तेथे ते व्याजाच्या आणि नफा-तोट्याच्या उदाहरणांत शिकते, आणि घरच्या पोत्याशी त्याचा काही संबंध आहे हे त्याला कुणी सांगत नाही. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी आल्या. बियाण्याचा दोष होता, पावसाचाही असेल. परंतु पेरण्याआधी शंभर दाणे मोजण्याची सवय घराघरांत असती, तर त्यांतील काही कुटुंबांवर तरी दुबार पेरणीची वेळ आली नसती, असे आम्ही मानतो. याहून भयंकर उदाहरण २०१७ सालचे आहे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. औषधाच्या डब्यावर विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. त्या मृत्यूंना कारणे अनेक होती. तरीही आम्ही विचारतो, हा त्रिकोण कोणत्या इयत्तेत शिकवितात? पोटासाठी करावयाच्या कामाचे ज्ञान आणि जीव वाचविण्याचे ज्ञान येथे एकच होते, आणि आपल्या शाळांना त्याची गरज वाटली नव्हती.

आता त्या कृषी पदवीधराकडे पाहू. शेतकऱ्याचा मुलगा शेतीशास्त्र शिकतो आणि पदवी हाती पडताच पुण्याच्या एखाद्या अभ्यासिकेत जागा धरतो. स्पर्धा परीक्षांच्या रांगेत कृषी पदवीधरांची संख्या मोठी असते, हे सर्वश्रुत आहे. २०२३ साली तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. साताबारा लिहिणाऱ्याच्या एका खुर्चीसाठी दोनशेहून अधिक तरुण, आणि ज्या शेताचा तो सातबारा, ते कसायला घरातील म्हातारी माणसे! आम्ही या तरुणांना दोष देत नाही. शेतमालाच्या भावाचा भरवसा नाही, विम्याचा नाही, पावसाचा नाही. शिवाय शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यावयास शेतकरी बापही तयार नसतो. ज्या कामाला बोहल्यावर किंमत नाही, ते काम मुलाने आनंदाने करावे, असे सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मात्र ही किंमत कोणी घालविली, हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे. आमचे उत्तर असे की, बाजाराइतकीच ती शाळेने घालविली. अभ्यास केला नाहीस तर ढोरे राखशील, हे वाक्य ज्याने वर्गात ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. त्या एका वाक्यात मूल दोन धडे शिकते. पहिला, की आपला बाप करतो ते काम ही एक शिक्षा आहे. दुसरा, की त्या कामाला बुद्धी लागत नाही. पुढे कितीही पुस्तके वाचली, तरी हे धडे पुसले जात नाहीत.

असे नव्हे की कुणी सावध केले नव्हते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, अशी मागणी केली होती. गांधीजींनी १९३७च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकणाऱ्या मुलांची वसतिगृहे उभी केली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. ती आपल्या शाळांत आलीही. पण तिचे काय झाले? कागदाची फुले, आगपेटीच्या काड्यांची घरे, आणि ती करीत रात्री जागणाऱ्या आया. गुण मिळाले, अनुभव राहून गेला.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शेतीच शिकावी, सुताराच्या मुलाने रंधाच धरावा, हे नव्या वेषातले जुने जातिबंधन नव्हे काय? मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्यात घालवावा, अशी योजना आणली. ती वंशपरंपरेचा धंदा लादणारी आहे म्हणून प्रखर विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. तो विरोध योग्यच होता. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट करतो. हिवऱ्याच्या मुलाला डॉक्टर होण्याची वाट जितकी मोकळी हवी, तितकेच मुंबईच्या डॉक्टरच्या मुलाला दाण्याला कोंब कसा फुटतो हे स्वतःच्या हाताने कळले पाहिजे. हाताचे शिक्षण केवळ गरिबाच्या मुलाला दिले तर ती बेडी होते. सर्वांना दिले तरच त्याला प्रतिष्ठा येते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. शिकून तरी कोठे नोकरी मिळते, मग शिकावे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला आम्ही एवढेच सांगू की, कर्जाचा कागद वाचता न येणाऱ्याची जमीन सर्वांत आधी जाते. शिक्षण नोकरीची हमी देत नाही. परंतु फसविले जात असताना ते कळण्याची शक्ती देते, आणि ती शक्ती ज्याच्यापाशी नाही त्याला नोकरीही वाचवीत नाही.

दुसऱ्याच्या अंगणाविषयी इतके बोलल्यावर आपल्या अंगणाकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या समाजाला शाळांचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. पण वसईच्या ज्या घरांत पानवेल, फुले आणि केळी पिकत होती, ज्या घरांत राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात वाळत होती, तेथील मुलांना आपल्या शाळांनी त्या कामाविषयी काय शिकविले? सुकेळी करणारे हात आज मोजकेच उरले आहेत. वाडीच्या जागी इमारत आली तेव्हा आपण बिल्डरला दोष दिला. परंतु ती वाडी आपल्या मुलाच्या मनातून त्याआधीच उठली होती. नाझरेथच्या सुताराला आपण संत मानतो, तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाची पत्रे आपण श्रद्धेने ऐकतो. आणि मुलगा सुतार होईन म्हणाला तर आपल्या घरात सुतक पडते. याला काय म्हणावे?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक शाळेने वर्षातून काही दिवस शेतकरी, कोळी, सुतार, गवंडी यांना वर्गात गुरुजी म्हणून बोलवावे आणि त्यांना मानधन द्यावे. शेकडेवारीचा धडा गोणपाटावर शिकवावा, वाचनाचा धडा औषधाच्या डब्यावर आणि कर्जाच्या कागदावर. आणि ढोरे राखशील हे वाक्य शिक्षकांनी व पालकांनी कायमचे टाकून द्यावे. त्याला शासनाचा आदेश लागत नाही, अनुदान लागत नाही.

हिवरा आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीला लाखोंचा जनसमुदाय जमतो. लांबच लांब पंगती बसतात, आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून आणून वाढली जाते. त्या पंगतीत शिकलेला आणि न शिकलेला एकाच रांगेत जेवतो. ज्याने गहू पिकविला आणि ज्याने वांगी लावली, त्याचा मुलगाही त्याच रांगेत असतो. हे माझ्या बापाने पिकविले, असे त्याला मान वर करून शेजाऱ्याला सांगता आले पाहिजे. जी शाळा त्याला एवढे बळ देईल, तिलाच आम्ही शाळा म्हणू.