देव नाही, लग्न नाही, तरी निघालो!

"कायले जाता वो इतक्या लांब? देव आहे का तिथं?"

वाईजवळच्या मेणवलीला जायचं आम्ही ठरवलं, तेव्हा आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला तिच्या सासूबाईंनी विचारलेला हा प्रश्न. 'हो, आहे ना देव,' असं अगदी तिच्या ओठावर आलं होतं. ते खोटंही ठरलं नसतं. मेणवलीच्या घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे, वाईला ढोल्या गणपती आहे. पण आम्ही निघालो होतो 'स्वदेस' सिनेमातलं गाव बघायला. तिनं खरं तेच सांगितलं. मग काय, घरात दोन दिवस अबोला!

मैत्रिणींनो, आपण बायका गावाबाहेर कधी पडतो, जरा आठवून बघा. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत. नाहीतर शेगाव, माहूर, पंढरपूर. देवाचं नाव घेतलं की घरातून निघता येतं, म्हणून कितीतरी बायका देवाच्या पदराआडून जग बघून घेतात. त्यात देवाचा काही अपमान नाही, तो बिचारा समजून घेतो. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईनं 'मला अमुक एक जागा बघायची आहे, बस्स, आवडते म्हणून' असं म्हटलं की घराला कसंतरीच वाटतं. पुरुषांचं तसं नसतं. मित्रांबरोबर गाडी काढून ते ताडोब्याला जातात, तेव्हा वाघ देव आहे का, असं कुणी विचारत नाही!

आम्ही अकराजणी होतो. काही नागपूरच्या, काही काटोल-सावनेरकडच्या. पैसे भिशीचे. 'स्वदेस'च का, तर त्यातली गीता. आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा डिसेंबर २००४ मध्ये आला. गावात शाळा चालवणारी, लग्नानंतर काम सोड म्हणणारं स्थळ नाकारणारी ही गीता आमच्यातल्या कितीजणींच्या मनात घर करून आहे. ती साकारणाऱ्या गायत्री जोशीचा जन्म आपल्या नागपूरचा. एकच सिनेमा केला तिनं, पुढच्या वर्षी लग्न केलं आणि पुन्हा पडद्यावर आली नाही. यावर गाडीत अर्धा तास वाद झाला. 'गीता तिनं नीट ऐकली नाही वाटते,' असं एकीनं म्हणताच दुसरी उसळली, "तिचं तिनं ठरवलं ना? मग झालं!" मला दुसरीचं पटलं.

नागपूर ते वाई साधारण आठशे किलोमीटर. समृद्धी महामार्गानं छत्रपती संभाजीनगरपर्यंत भुर्रकन पोचलो, मग अहिल्यानगर, पुणे. पुण्यात एकीच्या बहिणीकडे मुक्काम, सगळ्यांना पिठलं-भाकरी. सिनेमात मोहन भार्गव राहायची सोय असलेली गाडीच घेऊन गावात जातो. आमच्या गाडीत अशी सोय कुठली? वाटेत एका धाब्यावर बायकांच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली मागितली, तर पोऱ्या म्हणाला, मालक जेवायला गेले. पुढचे दोन तास कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावली नाही. प्रवासात पाणी न पिणं ही आपली जुनीच सवय. त्यापायी मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतलेल्या बाया मी कामाच्या निमित्तानं पाहिल्या आहेत. बायका फिरत नाहीत म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून बायका फिरत नाहीत. परतीच्या वाटेवर आम्ही अकराजणींनी त्याच धाब्यावर गाडी थांबवली, चहा सांगायच्या आधी किल्ली मागितली. मिळाली!

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि पुढ्यात तो चंद्रकोरीसारखा घाट. पायऱ्या दिसल्या आणि आमच्यातली सगळ्यात गंभीर बाई, शाळेतून निवृत्त झालेली, धावतच खाली उतरली. तिला तसं धावताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

घाटावर एक भली थोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती, सन १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही चर्चची घंटा शंकराच्या देवळाजवळ येऊन बसली. तेव्हापासून तिथेच आहे.

वाईची तर मला गंमतच वाटली. या गावानं पडद्यावर किती सोंगं घेतली! 'गंगाजल'मध्ये ते बिहार झालं, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश, 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये तामिळनाडू. मेणवलीही 'स्वदेस'मध्ये उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. देशभर चेहरा ओळखीचा, पण नाव कुणाला माहीत नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आम्ही घाटावर बसून यावर पोट धरून हसलो.

कपडे धुणाऱ्या एका मावशींशी बोलणं झालं. शूटिंगच्या वेळी त्या गर्दीत होत्या म्हणे. "रिकामी घागर घिऊन त्याच पायऱ्या चढायच्या नि उतरायच्या. घरची भरलेली घागर चढवायचं कधी कुनी पैसं दिलं न्हाईत," मावशी हसून म्हणाल्या.

सिनेमात मोहन गावासाठी पाण्यावर वीज तयार करतो, आठवतं? मेणवलीचा तो अंधार पडद्यापुरता. खऱ्या अंधाराचं गाव होतं नंदुरबार जिल्ह्यातलं, धडगाव तालुक्यातलं बिलगाव. तिथे २००३ मध्ये गावकऱ्यांच्या श्रमदानातून ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार झाली. त्या कामात असलेले रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललामर्री यांच्यावरून सिनेमाची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. बिलगावचा तो प्रकल्प २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. मी हे सांगितलं तेव्हा घाटावर जरा वेळ कुणी बोललं नाही.

बघा, मीसुद्धा सबब शोधायला लागले! इतिहास कळला, समाजकार्य कळलं, म्हणून सहल सार्थकी लागली, असं लिहायच्या बेतात होते. हे काही कळलं नसतं तरी ती सहल आमचीच होती. लोक यश चोप्रांच्या सिनेमातल्या जागा शोधत स्वित्झर्लंडला जातात, तिथे इंटरलाकेनला २०१६ मध्ये त्यांचा पुतळाही उभारला. 'सैराट' आल्यावर करमाळा तालुक्यात गाड्या भरभरून लोक गेले. 'झुंड'चं शूटिंग तर आपल्या नागपुरातच झालं. पैसे नसतील तर एका रविवारी चारचौघी मिळून त्या मैदानापर्यंत जा. घरी निघताना मात्र 'जरा देवळात जाऊन येते' असं सांगू नका.

अबोल्याचं काय झालं, ते राहिलंच. मैत्रीण घरी पोचली, तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "प्रसाद कुठी आहे?" तिनं वाईहून आणलेले पेढे पुढे केले. रात्री नातवानं 'स्वदेस' लावून दिला. सासूबाई आधी पाठ करून बसल्या होत्या. घाट आला तशा वळल्या आणि पडदा थांबवायला सांगून म्हणाल्या, "ह्या पायऱ्या लई उंच आहेत का वो? माह्या गुडघ्यानं जमन?"